कागदावरची सहा वाळकं

फोटोंची पुस्तकं मला आवडत नाहीत हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे कौतुक करणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसेल. मी चित्रकार आहे. पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनासाठी बरीच वर्षं लहान मुलांची पुस्तकं रंगवते आहे. एक ते दहा आकडे शिकवणारं माझं एक पुस्तक बऱ्यापैकी चाललं. त्यातली सहा सफरचंदं तर बालवाड्यांच्या भिंतींवरसुद्धा जाऊन बसली. खरं तर मी सफरचंद एकच काढलं होतं, बाकीची पाच संगणकानं उमटवली. पण लहान मुलांना एकसारख्या वस्तू मोजायला सोप्या जातात, पांढऱ्याशुभ्र कागदावर तर फारच, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यातल्या एका मुलीनं रानातल्या फोटोंचं अंकांचं पुस्तक आमच्याकडे पाठवलं, तेव्हा मी नाक मुरडलं. आमच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, त्या मात्र भाळल्या. मी म्हटलं, "फोटो सुंदर आहेत, पण चार वर्षांचं मूल यात मोजणार काय? मला तर नुसता पाला दिसतोय." वहिनी म्हणाल्या, "मग जा आणि मुलांपुढे ठेवून बघ. एखाद्या पानावर मुलं अडली, तर फोटो बाद. कल्पनेचे पैसे तिला देऊ आणि चित्रं तू काढ." म्हणजे परीक्षा मीच घ्यायची आणि मुलगी नापास झाली तर काम मलाच मिळायचं. यात काही वावगं आहे असं तेव्हा आम्हा दोघींनाही वाटलं नाही. मी बॅग भरली.

पुसद

बसच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सकाळी पुसदला उतरले तेव्हा अंग आंबलं होतं आणि आजूबाजूला डोंगर होते. विदर्भ म्हणजे सपाट आणि तापलेला, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. इथे गणपती नुकते उठलेले, डोंगर अजून हिरवे आणि हवेत चक्क गारवा. पहिल्याच पावलाला माझं एक मत खोटं ठरलं. पुढे त्याची सवयच झाली.

मला घ्यायला दिगंबरकाका आले होते. पुस्तक पाठवणाऱ्या मुलीचं नाव प्रांजली, आणि हे तिचे सख्खे काका. पुसदला त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस उंच, पोट पुढे, बोलणं त्याहून पुढे. माझी बॅग त्यांनी हातातून काढून घेतली आणि गाडीकडे न नेता सरळ समोरच्या हॉटेलात नेली.

"आधी नाश्ता, मॅडम. पोटात कायी नसलं तं मानूस कोनालेही नापास करून टाकते."

पोहे आले आणि पोह्यांवर ओतायला तर्री आली. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा, वर तेलाचा तवंग. मी म्हटलं, थोडीच घाला. थोडी म्हणजे किती, याबाबत पुणे आणि पुसद यांचं एकमत होणं अवघड आहे. दुसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. काकांनी ते पाहिलं, मान डोलावली आणि माझ्यासाठी आणखी एक प्लेट सांगितली. आमच्याकडे पाहुण्याला विचारतात. इथे विचारण्यात वेळ घालवत नाहीत. आणि खरं सांगायचं तर दुसरी प्लेट मी नाक पुसत पुसत संपवली, इतकी ती चांगली होती.

स्टुडिओ जवळच होता. भिंतीवर नवरा-नवरींचे मोठाले फोटो: धरणाच्या भिंतीवर हात पसरलेला नवरदेव, सोयाबीनच्या शेतात घागरा फिरवणारी नवरी. एका कोपऱ्यात एक वेगळाच फोटो होता. लग्नाच्या मांडवाचा बांबू, त्यावर चार चिमण्या ओळीनं बसलेल्या आणि खाली मागे, अगदी धूसर, नवरीचं डोकं.

"हा आमच्या प्रांजलीचा," काका म्हणाले. "नवरीचे फोटो काढाले पाठोलं होतं तिले. नवरीचा बाप मले आजही बोलते."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि प्रकरण काय आहे ते नीट सांगितलं. प्रांजलीनं बी.एस्सी. केलं, कॅमेरा शिकली, आणि दोन वर्षं झाली, रानात फिरून हे पुस्तक करते आहे. घरची शेती आहे, खायला कमी नाही. पण वडिलांनी तिला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. तोवर पुस्तक छापायचं ठरलं तर तिनं पुढची पुस्तकं करावीत, तिच्या डोक्यात अजून दोन आहेत. नाही ठरलं तर दिवाळीनंतर काकांच्या स्टुडिओत यायचं आणि लग्नं करायची. कॅमेरा बाजारातल्या कामाला लागला पाहिजे, एवढंच वडिलांचं म्हणणं.

"म्हनजे तुमी हाव म्हनलं तं तिचं पुस्तक, अन् नाही म्हनलं तं माहं दुकान," काका हसत म्हणाले. "मले दोन्हीकून फायदाच आहे. धंद्यात कामाले मानसं भेटून नाही राह्यले." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन तुमी हाव म्हनावं, असं मले वाटते."

हा माणूस मला तिथेच आवडला. आणि आपल्या बॅगेत सहा सफरचंदांचं पुस्तक आहे, याचं पहिल्यांदा थोडं ओझं वाटलं.

महागावच्या वाटेवर

पुसदहून महागावकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं लागतात. सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलेलं, मध्ये तुरीच्या ओळी, आणि मग कपाशी, कपाशी, कपाशी. कपाशीचं फूल मी तोवर जवळून पाहिलेलं नव्हतं. फिकट पिवळं, एकमेकींवर हलकेच दुमडलेल्या पाच पाकळ्यांचं. आपण ज्या सुती साड्यांचा एवढा तोरा मिरवतो त्यांचं फूल आपण पाहिलेलं नसतं, याची मला गंमत वाटली.

काकांनी मला ज्या फाट्यावर सोडलं तिथे प्रांजली स्कूटीला टेकून उभी होती. बारीक चणीची, डोक्याला स्कार्फ, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. माझ्याशी ती अगदी पुस्तकी मराठीत बोलत होती. "मॅडम, पुस्तक तुम्ही पाहिलंच आहे. आता ते जिथलं आहे ती जागा पाहा."

आणि मग गावात शिरेपर्यंत ती मला आपलं पुस्तक रस्त्यावर दाखवत गेली. पहिल्या पानावर एकटा बसलेला पिंगळा आहे, तो या जुन्या आंब्याच्या ढोलीतला. दुसऱ्या पानावरचे दोन पोपट या तारेवरचे. तिसऱ्या पानावर पळसाचं तीन दलांचं पान आहे. तिनं ते खालून उन्हाकडे धरून टिपलंय, त्यामुळे त्याची शीर न् शीर दिसते. चौथ्या पानावर नांगरामागून चालणारे चार बगळे. पाचव्यावर कपाशीच्या पाच पाकळ्या. सहाव्यावर वाळकाचा वेल, त्यावर सहा कोवळी वाळकं. वाळूक म्हणजे कपाशीच्या कडेला लावतात ती गावरान काकडी. सातव्यावर सातभाई पक्षी, आठव्यावर कोळ्याचे आठ पाय, नवव्यावर नऊ मुंग्या आणि दहाव्यावर जमिनीवर पडलेली मोहाची दहा फुलं.

पुण्यात टेबलावर पाहिलेले फोटो आणि इथे पाहिलेले फोटो यांत फरक होता, हे कबूल करायला हवं. ते वाळूक तर असं होतं की त्यावरची बारीक लव दिसत होती आणि टोकाला सुकत आलेलं पिवळं फूल अजून चिकटलेलं होतं. या मुलीला उजेड कधी थांबतो ते कळतं. मी चाळीस रंग घेऊन बसले तरी तो हिरवा मला मिळणार नाही. पण सुंदर असणं वेगळं आणि मोजता येणं वेगळं, असं मी स्वतःला बजावलं.

अंगणवाडी

अंगणवाडी म्हणजे एक मोठी खोली, पुढे पत्र्याची पडवी, भिंतींवर रंगवलेले आंबे आणि बदकं. खिचडीचा वास सुटला होता. शोभाताई इथल्या सेविका. हसतमुख, पण मुलांवर एका नजरेत वचक ठेवणाऱ्या. त्यांनी माझ्यासमोर मुलांचं गोल रिंगण बसवलं.

माझे नियम कडक होते. प्रांजलीनं आत यायचं नाही, कारण तिला पाहून मुलं तिच्या मनासारखं बोलतील. शोभाताईंनी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. "मुलांचं मुलांना करू द्या," मी जरा जास्तच रुबाबात म्हणाले. प्रांजली पडवीत जाऊन पाठमोरी बसली.

पहिल्या पानापासून रिंगणाचा ताबा ईश्वरी नावाच्या एका चिमुरडीनं घेतला. दोन शेंड्या, नाकात बारीक चमकी, आवाज खणखणीत. पिंगळ्यावर बोट आपटून ती म्हणाली, "येक!" पोपट दोन, पान तीन, बगळे "च्यार". बगळ्यांच्या पानावर तर एक मुलगा उठून बगळ्यासारखं चालूनच दाखवायला लागला. पाच पाकळ्या मोजताना मुलं एकमेकांची बोटं बाजूला सारत होती. मला हवं होतं त्याच्या उलट चाललं होतं आणि मला मजा येत होती, अशी माझी विचित्र अवस्था झाली.

मग सहावं पान उघडलं आणि रिंगण गप्प झालं.

ईश्वरीनं हात फ्रॉकच्या मागे नेले. बगळा झालेला मुलगा आपल्या हातांवर बसला. मी म्हटलं, "मोजा की!" कुणी हलेना. "ईश्वरी, ठेव बोट." तिनं मान हलवली. "दिसत नाहीत का तुला?" तिनं शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी तोंड उघडलं, तशी मी ओठांवर बोट ठेवून त्यांना थांबवलं. मग मीच पुढे वाकले, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ, हे एक..." एवढ्यात ईश्वरीनं दोन्ही हातांनी पुस्तकच मिटून टाकलं.

कंटाळली, असं मी ठरवलं. हिरव्यावर हिरवं, पानांत फळं. लहान मुलाला यातलं काय वेगळं काढता येणार? मी म्हणत होते तेच झालं.

पुढची पानं पुन्हा धडाक्यात झाली. सातभाईंच्या पानावर तर ईश्वरीनं "आठ!" म्हणून आरोळी ठोकली. मी म्हटलं, सात. ती म्हणाली, आठ. चष्मा लावून पाहिलं तर डाव्या कोपऱ्यात, एका पानाआडून, आठव्या पक्ष्याची शेपटी खरंच डोकावत होती. प्रांजलीला नाही, मला नाही, वहिनींना नाही, कुणालाच ती दिसली नव्हती.

शेवटी मी बॅगेतून माझं पुस्तक काढलं. सहा सफरचंदं. मुलांनी धपाधप सहा वेळा बोटं आपटली, "साऽऽ!" म्हणाली आणि खिचडीकडे पळाली. चित्र पास, फोटो नापास. मी पडवीत येऊन वहिनींना संदेश पाठवला: सहाव्या पानावर मुलं अडली.

प्रांजलीच्या घरी

मुक्काम प्रांजलीकडेच होता. संध्याकाळी तिच्या आईनं पाटवडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या थापायच्या, कापायच्या आणि झणझणीत रश्श्यात सोडायच्या. सोबत ज्वारीची भाकर. मी सकाळची शहाणी झालेली, त्यामुळे आधीच दह्याची वाटी मागून घेतली. आई हसल्या आणि त्यांनी दोन वाट्या आणून ठेवल्या. भाजीवर भरपूर कोथिंबीर होती, तिला इकडे सांबार म्हणतात हे मला तिथे कळलं. असं जेवण जेवताना कुणाला वाईट बातमी सांगायची म्हणजे शिक्षाच. मी ताट संपेपर्यंत थांबले.

मग सांगितलं. नऊ पानं उत्तम झाली, ईश्वरीनं तर आठव्या पक्ष्याची शेपटीही शोधली, पण सहाव्यावर मुलं अडली, आणि वहिनींचा नियम असा असा आहे. चित्रं मी काढेन, तुझं नाव पुस्तकावर राहील. हे सांगताना माझा आवाज मलाच गोड गोड वाटायला लागला, आणि तो मला आवडला नाही.

प्रांजली बराच वेळ हात धुतच बसली. मग तिची पुस्तकी मराठी एकदम गळून पडली.

"मॅडम, जिले पानामांगची शेपटी दिसली, तिले समोरचे सहा वायकं काहून नाही दिसले?"

मी दह्याची रिकामी वाटी उचलून बाजूला ठेवली.

"मी लग्नं करीन, मले त्याची लाज नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ताठ होता. "पन ते पान खराब नाही. तुमी उद्या वेल पाहून घ्या, अन् मंग जा."

 तिचे वडील उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

धुऱ्यावर

सकाळी आम्ही तिघी शेतात गेलो: प्रांजली, तिची आई आणि मी. रात्री सर येऊन गेली होती आणि काळी माती चपलेला धरून बसत होती. शंभर पावलं नाही झाली तर माझ्या डाव्या चपलेचा पट्टा सुटला. प्रांजलीच्या आईनं झाडाची साल सोलून तो बांधून दिला. ती चप्पल मी पुण्यापर्यंत तशीच घालून आले.

शेताच्या कडेच्या बांधाला इकडे धुरा म्हणतात. धुऱ्यावर वाळकाचा वेल पसरला होता. फोटोतला नव्हे, फोटो मागच्या वर्षीचा. "त्यातले पाच आमी खाल्ले, येक बियाले ठेवलं," प्रांजलीच्या आई म्हणाल्या. "हा वेल त्याच बियाचा." पानांवर पाणी साचलेलं, फुलांवर मधमाश्या, आणि पानांखाली करंगळीएवढी वाळकं, अंगावर लव, टोकाला फूल. फोटोत होती तशीच. मी हरखून खाली वाकले, बोट पुढे केलं आणि मोजायला लागले, "एक, दोन..."

"अवं बाई! बोट नोका दाखवू!"

प्रांजलीच्या आईनं झडप घालून माझं बोट पकडलं. मला वाटलं साप आहे. मी किंचाळलेसुद्धा.

"कोवया वायकाले बोट दाखवलं का ते सडते," त्या म्हणाल्या, आणि माझं बोट त्यांनी मधल्या पेरात दुमडून वाकडं केलं. "असं दाखवा लागते. आता मोजा."

मी तशीच उभी राहिले. आमच्याकडे लहानपणी शिकवतात, मोठ्या माणसांकडे बोट दाखवू नये. इथे वाळकांकडे दाखवायचं नाही. आणि माझ्या डोळ्यांपुढे ईश्वरीचे फ्रॉकमागे गेलेले हात आले, हातांवर बसलेला बगळा आला, आणि मी बोट टेकवल्याबरोबर घाईनं मिटलेलं पुस्तक आलं.

मी प्रांजलीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. दोघींच्याही लक्षात एकाच वेळी आलं असावं, कारण ती एकदम मटकन धुऱ्यावर बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

"मले सुचलंच नाही, मॅडम! वेलाले बोट दाखवत नाही हे मले ठाऊक आहे. फोटो काढतानी आई मले इचारून राह्यली होती, कॅमेऱ्यानं तं नाही सडत न? पन कागदावरच्या वायकाले कोनी घाबरन, हे माह्या डोक्यातच नाही आलं."

पुन्हा अंगणवाडी

आम्ही जवळजवळ पळतच गेलो, मी सालीनं बांधलेल्या चपलेनं. शोभाताईंना दारातच सगळं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी सांगनारच होती काल. तुमीच म्हनल्या बोलू नोका."

मी हात जोडले आणि आत शिरले.

पुन्हा रिंगण केलं. यावेळी प्रांजलीलाही बसवलं, शोभाताईंना बोलायची पूर्ण मोकळीक दिली. सहावं पान उघडलं. पुन्हा सगळे हात मागे. मी माझं बोट वर केलं, सगळ्यांना दिसेल असं दुमडलं आणि विचारलं, "असं मोजलं तर चालेल?"

ईश्वरीनं माझ्या बोटाची तपासणी केली. मग तिनं आपलं इवलंसं बोट वाकडं केलं आणि कागदापासून जरा वरच धरलं, कागदाला लागू न देता. "येक," ती हळूच म्हणाली. बाकीच्यांची बोटंही वाकली. "दोन. तीन. च्यार. पाच. साऽ." सहाही वाळकं, एकही न चुकता. ज्या मुलांनी आधीची पाच पानं आरडाओरडा करून मोजली होती, ती हे पान कुणी निजलेलं असावं तशी मोजत होती.

मी विचारलं, "काल तू पुस्तक मिटलंस, ते का गं?"

"तुमी बोट दाखवून राह्यल्या होत्या न."

"पण हा तर फोटो आहे."

तिला हा मुद्दा काही महत्त्वाचा वाटला नाही. "कोवये हायेत न," ती म्हणाली.

मग मला राहवेना. मी माझं पुस्तक काढलं, सफरचंदांचं पान उघडलं. "आणि यांना गं? यांना तर काल सरळ बोट दाखवलंस."

ईश्वरीनं सफरचंदांवर एक नजर टाकली. "त्याले कायी होत नाही," ती म्हणाली आणि सवयीनं एकावर बोट आपटून दाखवलं.

मला लागलं, हे लपवत नाही. इतकी वर्षं मी मुलांची पुस्तकं रंगवते आहे आणि माझ्या एकाही फळाच्या जिवाची कुणा मुलाला काळजी वाटलेली नाही. पण त्याच वेळी असा आनंदही झाला की त्याचं काय करावं ते कळेना. समोर कागद होता आणि त्याच्यावर एवढी माया करणारी मुलं होती. हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मी प्रांजलीचा हात धरला. म्हटलं, "शब्द देत नाही, शेवटचा निर्णय वहिनींचा आहे आणि मी त्यांना काल भलतंच कळवून बसले आहे. पण मी भांडेन."

"आठव्या पक्ष्याचं काय करू?" तिनं विचारलं.

"शेपटी काप."

"नाही," ती लगेच म्हणाली, "तो फोटो पुन्हा काढतो. शेपटी कापलेली ईश्वरीले कयन."

निघताना प्रांजलीच्या आईनं माझ्या पिशवीत एक मोठं, पिवळसर झालेलं वाळूक घातलं. म्हणाल्या, "हे मोठं झालं, याले आता कसंही बोट दाखवा." पुसदला दिगंबरकाका बसपर्यंत सोडायला आले. त्यांनी खिडकीतून तर्रीचा डबा आत दिला. तो डबा बसमध्ये सांडला आणि माझी एक चांगली सुती साडी कायमची तांबडी झाली, पण ते असो.

पुणे

वहिनींच्या टेबलावर दोन गोष्टी तयार होत्या. एक प्रांजलीचं पुस्तक, आणि एक माझ्यासाठी नव्या चित्रांच्या कामाचा कागद. माझा संदेश त्यांनी वाचला होता, आणि वहिनी दिलेला शब्द पाळणाऱ्या आहेत. अडचण तीच होती.

"वहिनी, जरा ऐका..."

"ऐकते गं. पण नियम तूच मान्य केलेलास ना? एक जरी पान अडलं तर." त्यांनी पुस्तक ओढलं, सहावं पान उघडलं आणि त्यावर बोट रोखलं. "हेच ना ते?"

सगळी भाषणं मी बसमध्ये तयार केली होती. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही. मी टेबलावरून वाकले, वहिनींचं बोट धरलं आणि मधल्या पेरात वाकडं केलं.

"अगं, काय हे?"

"कोवळी आहेत," मी म्हणाले.

मग सगळं सांगितलं. हात मागे नेणारी मुलं, मिटलेलं पुस्तक, धुऱ्यावरची आरोळी, शोभाताईंचं उत्तर, आणि सफरचंदांना काही होत नाही, तेसुद्धा. माझ्याविरुद्ध जाणारं काही गाळलं नाही.  माझं संपलं तरी वहिनी पान बघतच होत्या. बोट अजून वाकडंच होतं, ते त्यांनी कागदापासून जरा वर धरलं आणि ओठ हलवत मोजायला लागल्या.

सहाला पोचल्यावर त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि माझ्या कामाचा कागद कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

"लाव त्या मुलीला फोन," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आधी कळलेलं बरं."